बंद पेट्यांची दुपार

माझ्या मधमाश्या वणव्यात गेल्या असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. वणवा माझ्या उतारावर आलाच नाही. तिथला एक पाइन जळला नाही, एक काटकी काळी पडली नाही. चोपन्न पेट्या होत्या माझ्या, वडिलांनी राखलेल्या माश्यांचा वंश. त्या ऑगस्टच्या चार तारखेला एका दुपारीत सगळ्या गेल्या. कशानं गेल्या ते मी सांगते, कारण गावात ते तोंडानं सांगणारं कुणी नाही.

मी गारुफालिया. एव्हिया बेटाच्या उत्तरेला डोंगरात आमचं गाव. इथे माणूस एकतर पाइनचा डिंक काढतो नाहीतर माश्या पाळतो. माझा नवरा निकिफोरोस डिंकवाला होता, मी माहेराहून माश्या घेऊन आले होते. तो जाऊन सात वर्षं झाली. मुलगी आसिमिना खाल्कीदाला नोकरी करते. म्हणजे घरात मी आणि पेट्याच.

आणि आर्गिरिस. तो आमचा कुंबारोस. आमच्या लग्नात डोक्यावरच्या मुकुटांची अदलाबदल त्यानं केली, आणि पुढे बाप्तिस्म्यात आसिमिनाला तेल लावून नावही त्यानंच दिलं. आमच्याकडे सख्खा भाऊ भांडून वेगळा होईल, पण कुंबारोस होत नाही. हाक मारताना तो मला ‘कुंबारा’ म्हणतो, मी त्याला ‘कुंबारे’. आर्गिरिसही माश्या पाळतो; पेट्या हलवायचा ट्रक त्यानं आणि निकिफोरोसनं मिळून घेतलेला. निकिफोरोस गेल्यावर ट्रक आर्गिरिसच्याच अंगणात उभा राहिला, आणि मी कधी काही विचारलं नाही. विचारायचं काय? वसंतात त्याच्या पेट्या आधी, शरदात माझ्या आधी, असं वीस वर्षं बिनबोभाट चाललं होतं. त्या उन्हाळ्यात त्याच्या पेट्या खाली समुद्राकडे होत्या आणि माझ्या वर, पाइनच्या उतारावर.

ऑगस्टचे पहिले बारा दिवस आमच्याकडे आभाळ वाचतात. एकेक दिवस म्हणजे पुढचा एकेक महिना. पहिला दिवस ऑगस्टचाच, दुसरा सप्टेंबरचा, तिसरा ऑक्टोबरचा. त्या दिवशी आभाळ जसं वागेल तसा तो महिना. वडील हे दाराआडच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहून ठेवायचे, मीही लिहिते. आसिमिना हसते. हसू दे. हवामानवाले चुकतात तेव्हा त्यांना कुणी हसत नाही.

तर तीन तारीख. दुपारी कॉफी घेत मी आणि आर्गिरिस ओसरीत बसलो होतो. दोन महिने थेंब नव्हता, पाइनच्या सुया पायाखाली पापडासारख्या मोडत होत्या. आणि डोंगरामागून ढग वर आला. काय ढग होता! निळाकाळा, पोट लोंबलेला, भरल्या घागरीसारखा. मी उठून कॅलेंडरवर लिहिलं: ऑक्टोबर, पाऊस.

तेवढ्यात आसिमिनाचा फोन. "आई, आज कोरड्या विजा पडणार म्हणतायत. पेट्या खाली आण."

"कोरडी वीज म्हणे!" मी फोन ठेवून म्हणाले. "इथे ढग अंगणात उतरलाय, आणि ही मला खाल्कीदाहून आभाळ शिकवतेय."

आर्गिरिस म्हणाला, "कुंबारा, पोरगी काही खोटं बोलत नाही. म्हणत असशील तर आज संध्याकाळीच काढू. ट्रक रिकामाच आहे."

"राहू दे रे. ओल्या पेट्या हलवायच्या का? दोन दिवस पाऊस होऊन जाऊ दे, मग बघू."

तेवढी चूक माझी. ती मी कुणाच्या माथी मारत नाही.

ढग दोन तास गडगडला. दारं-खिडक्या हादरल्या. वारा सुटला, धूळ उडाली, मागच्या कड्यावर लागोपाठ तीन विजा पडल्या, त्या मी या डोळ्यांनी पाहिल्या. पाऊस किती? ओसरीच्या फरशीवर मोजून नऊ थेंब, तेही पडताच वाळले. गर्जेल तो पडेल काय, हे मला काय माहीत नव्हतं? पण ज्याला जन्मभर वाचत आलो त्या आभाळावर माणूस भरवसा ठेवतो. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला. दिवस मावळायच्या आत कड्यामागून धुराची एक बारीक दोरी वर चढली.

दुसऱ्या दिवशी उजाडलं ते पिवळं. सूर्य तांब्याच्या परातीसारखा, त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. दवाखान्यातली नर्स घरोघर मास्क वाटत फिरली. फोनवर सरकारी संदेश आला: घराबाहेर पडू नका, खिडक्या लावून घ्या, हवा श्वास घेण्याजोगी नाही. घशात जळक्या डिंकाची चव बसली ती पाणी पिऊन जाईना. आसिमिना सांगत होती की खाल्कीदाला पुलाच्या पलीकडचा काठ दिसत नाही आणि वाळत घातलेल्या चादरींवर राख पडतेय. सत्तर किलोमीटरवर ही गत, मग आमची काय असेल!

मी उतारावर गेले. अकराच्या सुमाराला धूर डोक्यावर आला आणि अंधारून यायला लागलं. कड्यावर धुराचाच एक ढग उभा राहिला होता, फुलकोबीसारखा, आणि तो गडगडत होता. वणवा मोठा झाला की स्वतःचं हवामान स्वतःच करतो. वारा त्याचा, वीज त्याची. खाली गावात कोंबड्या खुराड्यात शिरल्या. आणि माझ्या माश्या घरी यायला लागल्या. भर दुपारी! संध्याकाळ झाली असं वाटलं बिचाऱ्यांना. चोपन्न दारांवर झुंडीच्या झुंडी उतरत होत्या, आणि साडेबारापर्यंत एक माशी बाहेर राहिली नाही.

आता हे ज्यांनी माश्या पाळल्या नाहीत त्यांना सांगायला हवं. पेटी हलवायची तर सगळ्या माश्या आत यायला लागतात, म्हणून आम्ही अंधार पडल्यावर दारं बंद करतो आणि गारव्यात नेतो. माझ्या पेट्या वडिलांच्या, जुन्या लाकडाच्या, तळाला जाळी नाही. दाराला चिंधी कोंबली की हवा बंद. गारव्यात दोन तास चालतं. ऑगस्टच्या दुपारी अर्धा तास, फार तर पाऊण. मग आत माश्या घाबरतात, पंख मारतात, त्यानं आणखी तापतं, मेण वितळतं. म्हणून ट्रक दाराशी आल्याशिवाय दिवसा पेटी कुणी बंद करत नाही.

मी आर्गिरिसला फोन केला. "कुंबारे, सगळ्या आत आल्यात. देवानं दुपारीच रात्र पाडलीय. आत्ता नेल्या तर वाचतील."

"निघालोच. बंद करायला लाग."

"तू इथे आलास की करते."

"अगं वेळ कुठाय? चोपन्न पेट्यांना चिंध्या कोंबायला तुला अर्धा तास लागणार. मी पोचेपर्यंत बंद हव्यात, आल्या आल्या चढवू. माझ्यावर विश्वास नाही का?"

विश्वास! निकिफोरोसच्या शवपेटीचा पुढचा दांडा ज्यानं धरला होता, त्यानं मला हे विचारावं. मी बंद करायला लागले. खोकत, डोळे पुसत, प्रत्येक पेटीला "आलाच हं, आलाच" म्हणत एकेक चिंधी ओली करून कोंबली. शेवटची कोंबली तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. ट्रक नाही.

पुन्हा फोन. "कुठायस रे?"

"चॅपलच्या वळणावर. पाच मिनिटं."

पाच झाली. दहा झाली. पेट्यांतून आवाज यायला लागला. नेहमीचा गुणगुणाट नव्हे, चढा, एका सुरातला. तो आवाज ऐकून मी पहिल्या पेटीची चिंधी उपसायला हात घातला. तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम कोकलतात तसा माझा कोकलला: गाव सोडा, किनाऱ्याकडे जा. पोलिसांची गाडी वर आली. त्यातली बाई खाली उतरली, मास्क लावलेली, डोळे लाल झालेले.

"मावशी, चला. लगेच."

"पाच मिनिटं बाई. माझा कुंबारोस ट्रक घेऊन येतोय."

"मावशी, पाच मिनिटांत इथे काय असेल ते मला सांगता येणार नाही. चला."

मी तिच्यासमोर तिसरा फोन केला. "आर्गिरिस, मला नेतायत. खरं सांग, येतोयस ना? नाहीतर मी दारं उघडते आणि जाते. उडून तरी जातील, नशिबात असेल तर जगतील."

"उघडू नकोस!" तो ओरडला. "उघडल्यास तर मी चढवणार कशा? मला तुझे पाइन दिसतायत इथून. तू जा गं, बरोबर दोन गडी आहेत माझ्या. तू जा."

मी गेले. खालच्या रस्त्यानं नेलं मला, त्यामुळे वळणावर ट्रक आहे की नाही ते दिसलं नाही. बघायची गरजही वाटली नाही.

किनाऱ्यावर ओले टॉवेल तोंडाला लावून सगळं गाव बसलं होतं. केसांत राख, भाकरीत राख. मी शेजारणींना सांगत होते, "आर्गिरिसनं माझ्या पेट्या काढल्या. तो होता म्हणून." बाया माना डोलावत होत्या. आता आठवतं, डोलावताना त्या समुद्राकडे बघत होत्या.

सहाच्या सुमाराला धुराचा तो ढग स्वतःच्याच वजनानं कोसळला. वारा उलटा फिरला आणि आग जळलेल्या रानावरच परत गेली. मग पाऊस आला. काळा, चिखलाचा, पण पाऊस. लोक नाचले. मीही हात पसरून उभी राहिले. कालपासून वाट बघत होते ना त्याची!

सकाळी रस्ता उघडला. मी चालत वर गेले. उतार हिरवा होता! मी मोठ्यानं हसले, छातीवर क्रॉसची खूण केली. मग पाइनच्या मधून निळं दिसलं. माझ्या पेट्या निळ्या आहेत. त्या जागच्या जागी उभ्या होत्या, चोपन्नच्या चोपन्न, आणि चिंध्या तशाच.

पेट्यांच्या कोपऱ्यांतून मध गळून जमिनीवर थिजला होता. मी एक झाकण काढलं. आत माश्या दाराशी ढिगानं पडल्या होत्या, ओल्या, मेणात आणि मधात माखलेल्या, सगळ्यांची तोंडं चिंधीकडे. दुसरं काढलं. तिसरं काढलं. चौथं काढायचा धीर झाला नाही. मी तिथेच मातीत बसले आणि आईच्या मरणाला रडले नाही इतकी रडले.

दुपारी आर्गिरिस आला. मला बघून तोच रडला. "वळणावर पाइन आडवा पडला गं. दोघांनी ओढून पाहिला, हलेना. फोनची बॅटरी गेली. काय करू मी?"

आणि मी काय केलं? मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तू तरी काय करणार," म्हणाले. कॉफी करून दिली त्याला, दोन चमचे साखर घालून, त्याला लागते तशी.

पंधरा तारखेला मेरीमातेचा सण. त्या वर्षी नाच नव्हता. चर्चनंतर आम्ही तासियाच्या कॉफीघरात बसलो. टीव्हीवर वणव्याची तीच ती दृश्यं पुन्हा दाखवत होते: लाल आभाळ, बोटींवर चढणारी माणसं. मग किनाऱ्यालगतचा पूल, आणि पुलावरून येणारा एक ट्रक. डावा दिवा फुटलेला, दारावर निकिफोरोसनं रंगवलेलं पांढरं होडकं. आमचाच ट्रक. मागे दोरखंडांनी आवळलेल्या पिवळ्या पेट्या, चवडीवर चवड. कोपऱ्यात वेळ होती: एक वाजून वीस.

पिवळ्या पेट्या आमच्या भागात एकाच्याच. किर्याझिसच्या. त्याच्या मुलाशी आर्गिरिसच्या मुलीचा, झाखारूलाचा, साखरपुडा ठरला होता. म्हणजे आर्गिरिसचा होणारा व्याही. आणि एक वाजून वीस मिनिटांनी मी उतारावर उभी राहून त्या पोलीस बाईकडे पाच मिनिटं मागत होते.

तासियानं झटकन रिमोट उचलून चॅनेल बदललं. तिच्या त्या झटकन उचलण्यानं मला कळलं. मी वळून बघितलं. एकजण कपात बघत होता, दुसरा नखं बघत होता. सगळ्यांना माहीत होतं. किनाऱ्याकडे जाताना तो ट्रक सगळ्यांनी पाहिला होता आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

"गारुफालिया," तासिया म्हणाली, "मुलीच्या लग्नाचा प्रश्न होता गं त्याच्या."

"मग?" मी म्हणाले. "व्याह्याच्या पेट्या वाचवल्या म्हणून मी त्याला फाशी देणार होते का? एक फोन करायचा होता त्यानं. 'दारं उघड' एवढं बोलायचं होतं. उलट उघडू नकोस म्हणून ओरडला!"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. कापणारा एकटा नव्हता, बाकीचे दिवा धरून उभे होते.

मी आर्गिरिसला काही बोलले नाही. तोही महिनाभर माझ्या दारावरून गेला नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्याच्या माश्या जातात त्याला प्रत्येक पाळणारा एक भरली पेटी देतो. क्रॉसच्या सणानंतर, सप्टेंबरमध्ये. देणाऱ्यानं ती स्वतः आणून अंगणात ठेवायची, घेणाऱ्यानं झाकणावर हात ठेवायचा, मग देणाऱ्यानं आपल्या हातानं दार उघडायचं. घेणाऱ्याचा हात पडल्याशिवाय उघडलेली पेटी दिली असं होत नाही. नाही म्हणायची रीत नाही. मी एकेकाची घेतली, टीव्हीपुढे नखं बघणाऱ्यांचीही. माश्यांचा काय दोष?

शेवटी आर्गिरिस आला. मुद्दाम भर दुपारी आला असेल, सगळं गाव झोपलेलं असताना. ऊन अजून ऑगस्टचंच होतं. त्यानं ट्रकमधून सहा पेट्या उतरवून ओळीनं मांडल्या. एकाच्या ठिकाणी सहा. पाच त्याच्या पांढऱ्या आणि एक पिवळी.

"किर्याझिसनंही पाठवलीय," तो खाली बघत म्हणाला. "ये कुंबारा, हात ठेव. तापतायत."

"आले," मी म्हणाले. "हात धुऊन येते. पाच मिनिटं."

मी आत गेले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. पडद्याआडून तो दिसत होता आणि भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. तीन मिनिटं तो टोपीनं वारा घेत उभा राहिला. चौथ्या मिनिटाला माश्यांचा आवाज चढायला लागला. पाचव्या मिनिटाला त्यानं हाक मारली, "कुंबारा!" मी म्हणाले, "आलेच!"

खोटं कशाला सांगू, तो आवाज मला आतून पोखरत होता. दहा झाली की काहीही होवो, बाहेर जायचं, असं मी ठरवलं होतं, आणि आठव्यालाच माझा हात दाराच्या कडीवर होता. बाहेर तो एका पेटीपासून दुसरीपर्यंत जायचा, वाकून कान लावायचा, माझ्या दाराकडे बघायचा. नवव्या मिनिटाला त्याला राहवलं नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी चिंध्या उपसायला लागला. सहाच्या सहा. माश्या भसाभस बाहेर आल्या, त्याच्या तोंडावर, हातांवर, चावल्या असतील, त्यानं त्या हाकलल्या नाहीत.

मी बाहेर आले.

"कुठे होतीस?" तो ओरडला. "मरत होत्या गं त्या!"

"हो," मी म्हणाले. "मरतात."

त्याचं तोंड हळूहळू राखेसारखं झालं.

"नऊ मिनिटं झाली, आर्गिरिस," मी म्हणाले. "तुला नऊ सोसली नाहीत. माझ्या उतारावर दिवसभर बंद होत्या."

तो काहीतरी बोलायला लागला. झाखारूला, व्याही, किर्याझिसनं ट्रकपुढे आडवं उभं राहणं, असं काहीतरी. मी हात वर केला.

"माझा हात पडला नव्हता. म्हणजे या तुझ्याच आहेत. घेऊन जा."

"आत्ता कशा नेऊ? सगळ्या बाहेर आहेत."

"मग थांब. संध्याकाळी घरी येतील."

मी ओसरीत खुर्चीवर बसले आणि घेवडा मोडायला घेतला. तो ट्रकच्या पायरीवर, निकिफोरोसच्या त्या पांढऱ्या होडक्याखाली बसून राहिला. मी त्याला पाणी दिलं नाही, त्यानं मागितलं नाही. आभाळ त्या दिवशी स्वच्छ होतं, ऊन हळूहळू भिंतीवर चढत गेलं. एकेक करून माश्या परत यायला लागल्या. अंधार पडत आला तरी पिवळ्या पेटीची एक माशी यायची राहिली होती, दाराशी घिरट्या घालत होती, आत जाईना.

त्या दिवशी मात्र शेवटची माशी घरात जाईपर्यंत तो थांबला.